एका वाक्याची दवंडी

"मला एका वाक्यात सांगा." हे माझं पालुपद. नोकरी संपून इतकी वर्षं झाली तरी जीभ वळते ती तिकडेच. बायको दवाखान्यातून आली आणि डॉक्टर काय म्हणाले ते सांगू लागली की मी म्हणतो, "एका वाक्यात." ती चिडते. "तुमच्याशी बोलायचं म्हणजे परीक्षेला बसायचं," म्हणते आणि उठून आत जाते. तिचं बरोबर आहे. ह्या एका वाक्यापायी मी काय करून बसलो ते तिला ठाऊक आहे, म्हणून ती तेवढ्यावरच थांबते.

मी प्राथमिक शिक्षक. मूळचा अमळनेरचा, पण ऐंशीच्या दशकातली, ऐन उमेदीची सहा-सात वर्षं धरणगावाच्या बाजूला गिरणेकाठच्या एका खेड्यात काढली. चौथीपर्यंतची शाळा, दोन खोल्या, एक पडवी, दोन शिक्षक. चौथीचा वर्ग माझ्याकडे आणि शिष्यवृत्ती परीक्षेचं वेड माझ्या डोक्यात. त्या परीक्षेत उतारा असायचा. मधमाश्यांवर, मिठागरावर, विहिरीवर, कशावरही. खाली प्रश्न: उताऱ्यातली मुख्य कल्पना कोणती? योग्य शीर्षक कोणतं? आमची पोरं नेमकी तिथे आपटायची. जे शेवटी वाचलं तेच त्यांना मुख्य वाटायचं.

मग मी एक युक्ती काढली. लाल पेन्सिल घ्यायची. ज्या वाक्यावर उतारा उभा आहे त्याच्याखाली रेघ मारायची आणि बाकीचा सगळा तपशील कंसात टाकायचा. "रेघ धरा, कंस सोडा!" असं मी फळ्यावर छडी आपटून म्हणायचो आणि सबंध वर्ग माझ्यामागे ओरडायचा. उतारे कुठून आणायचे? पुस्तकातले चार उतारे आठवड्यात संपले. मग मी लग्नपत्रिका जमवल्या. पत्रिकेसारखा उतारा नाही बघा. अर्धा कागद देवांचा, पाव कागद काका-मामांचा, आणि मुद्दा काय? कोणाचं लग्न, कधी, कुठे. पोरांना मजा यायची. पत्रिकेवर रेघा ओढता ओढता कुणीतरी "गुरुजी, जेवण कधी ते लिहिलं नाही!" असं ओरडायचं आणि हशा पिकायचा.

त्या वर्गात एक मुलगी होती. बारीक चणीची, दोन वेण्या, एका वेणीला रिबीन आणि दुसरीला कापडाची चिंधी. वाचायला इतकी तल्लख की मला कधी कधी रागच यायचा. तिने एका पत्रिकेतली अगदी तळची बारीक ओळ अधोरेखित केली. ओळ अशी: थंडीचे दिवस असल्याने येताना अंथरूण-पांघरूण सोबत आणावे.

"हा मुद्दा आहे?" मी म्हटलं. "लग्न राहिलं बाजूला, आणि गोधडी मुख्य?"

वर्ग हसला. ती हसली नाही. म्हणाली, "गुरुजी, ज्याच्याकडे पांघरूण नाही त्याच्यासाठी हेच मुख्य आहे. तो जाणारच नाही लग्नाला."

मी तिला चूक दिली. लाल पेन्सिलीने, चांगली ठसठशीत. वर म्हणालो, "परीक्षेत असा शहाणपणा चालत नाही." ते आज आठवलं की कानशिलं गरम होतात.

तिचे वडील नदीत वाडी करायचे. गिरणेचं पाणी संक्रांतीनंतर आटत जातं, मग वाळू उघडी पडते. खालच्या आळीतली पाच-सहा कुटुंबं त्या वाळूत चर खणून, शेणखत भरून टरबूज-डांगराचे वेल लावायची आणि पऱ्हाट्यांची, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काटक्यांची, छपरं घालून चार महिने नदीतच राहायची. बाकीच्यांच्या वाड्या गावासमोर होत्या. ह्यांची एकट्यांची वाडी वरच्या अंगाला, वळणापलीकडे, दीड मैलावर. तिथून ती पोर रोज वाळू तुडवत शाळेत यायची. वडिलांना सगळे नाना म्हणत, मीही म्हणायचो.

पौषात मी मुद्दाम नानांना गाठलं. चौथीनंतर पाचवी धरणगावला, आणि पोरीला शिकवायला हवी, हे सांगायला. नाना बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "धरणगावले तिनी आत्या शे. तठे ठेवसू. पन गुरुजी, डांगरं पिकनात ते पोर शिकी. नही ते आमी बठ्ठा भट्टीवर." म्हणजे वाडी साधली तर पोर आत्याकडे राहून शाळेत जाणार, नाहीतर सगळं कुटुंब विटांच्या भट्टीवर सुरतेकडे. मी म्हटलं, "पिकतील हो नाना, का नाही पिकणार!" माझ्या बापाचं काय जात होतं म्हणायला!

आता दवंडीचं सांगतो. गावात काही जाहीर करायचं तर कोतवाल चार चौकांत डफडं वाजवून ओरडायचा. कोतवाल म्हणजे साठी ओलांडलेले, एका पायाने अधू आबा. सरकारी परिपत्रकं यायची दोन-दोन पानांची. सरपंच ती वाचून दाखवायचे, आबा मान डोलवायचे, आणि पहिल्या चौकात निम्मं, दुसऱ्यात पाव, चौथ्यात भलतंच. एकदा त्यांनी गुरांच्या लसीची दवंडी अशी दिली की बायका पोरं घेऊन आल्या. तेव्हापासून सरपंचांनी ते काम माझ्याकडे दिलं. आबा म्हणाले, "गुरुजी, एका दममा बोलता येई इतलंच लिखी द्या."

झालं! मला तर हर्ष झाला. शाळेतून सुटलो की सरपंचांच्या ओट्यावर चहा आणि परिपत्रक तयार. दोन पानं वाचायची, रेघ मारायची, कंस टाकायचे, आणि एक वाक्य काढून द्यायचं. सरपंच चारचौघांत म्हणायचे, "गुरुजी म्हणजे ताकातून नेमकं लोणी काढणारा माणूस." मी हरभऱ्याच्या झाडावर चढून बसलो. दोन वर्षं माझं एकही वाक्य चुकलं नाही.

त्या वर्षी एप्रिलमध्ये परिपत्रक आलं. खालच्या गावांना प्यायला पाणी उरलं नव्हतं, म्हणून धरणातून गिरणेला पाणी सोडणार होते. पाणी आमच्या शिवारात परवा सकाळी पोचणार. सायक्लोस्टाइल केलेली दोन पानं, सात मुद्दे. वरचा मोठा मुद्दा असा की पाणी पिण्यासाठी आहे, काठच्या शेतकऱ्यांनी मोटारी लावून ते उचलू नये, उचलल्यास मोटार जप्त होईल. सरपंचांना तीच धास्ती, कारण काठावर त्यांच्याच भावकीच्या मोटारी. चौथा मुद्दा असा: नदीपात्रात वाड्या करून राहणाऱ्यांना प्रत्यक्ष भेटून कळवावे, सामानसुमान हलवण्यास सांगावे व तशी त्यांची सही अथवा अंगठा घ्यावा.

तो मुद्दा माझ्या नजरेतून सुटला असं कुणी समजू नये. मी वाचला. चांगला दोनदा वाचला. आणि कंसात टाकला.

वाक्य तयार झालं: "ऐका हो ऐका, परवा सकाळी गिरणेला पाणी येणार, पिण्याचं पाणी आहे, मोटारी लावू नका, लावाल तर जप्त होतील हो!" आबांनी दोनदा म्हणून बघितलं. एका दमात बसलं. मग डफडं गळ्यात अडकवता अडकवता ते थांबले. "आन नदीमा राहतस त्यासले कोन सांगी?"

सरपंच म्हणाले, "अरे, समोरच तर आहेत. ऐकतील की. तू काय लंगडत नदीत उतरणार?" आबांनी माझ्याकडे बघितलं. मी पेन्सिलीला टोक करत होतो. गावासमोरच्या वाड्या ऐकतील हे खरंच होतं, त्यांनी ऐकलंही आणि त्याच संध्याकाळी सामान काठावर आणलं. वळणापलीकडच्या वाडीचा विचार माझ्या मनात आला होता का? आला असावा. पोर सकाळी शाळेत आली की सांगू, असं काहीसं वाटलं असावं. आता खात्रीने सांगता येत नाही, आणि येत असतं तरी सांगायला लाज वाटली असती.

दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. वाडीत टरबुजांचा पहिला तोडा होता. त्या दिवसांत घरातलं शेंबडं पोरही वेलावर लागतं. व्यापाऱ्याची गाडी पलीकडच्या काठाला यायची, त्यामुळे त्यांचं गावाकडे फिरकणंही बंद असायचं. हे सगळं मला माहीत होतं. मी हजेरी घेतली, तिच्या नावापुढे गैरहजर मांडलं आणि पुढचं नाव वाचलं.

तिसऱ्या दिवशी सकाळची शाळा होती. नऊच्या सुमारास आरोळी उठली, "पाणी उनं! पाणी उनं!" एप्रिलात कोरड्या नदीला पाणी येणं म्हणजे आमच्याकडे सण. बायका हळदकुंकू, नारळ घेऊन निघाल्या. मीही वर्ग सोडला आणि पोरांची रांग करून काठावर नेली. पाणी फेस, पाचोळा, शेणकुटं ढकलत वाळूवरून पुढे सरकत होतं, आणि मी पोरांना धरण म्हणजे काय ते समजावत होतो. थोड्या वेळात पाणी गुडघाभर झालं, मग मांडीभर. मग एक पोरगा ओरडला, "टरबूज!"

हिरवंगार टरबूज गटांगळ्या खात येत होतं. मागून आणखी दोन, मग सात-आठ, मग मोजता येईनात. पोरांनी एकच गलका केला. मोठी पोरं पाण्यात घुसली, एकेक टरबूज कवेत धरून काठावर आणू लागली. कुणीतरी एक दगडावर आपटून फोडलं आणि पहिली फोड मला आणून दिली. "गुरुजी, घ्या ना!" आतून पुरतं लालही झालेलं नव्हतं. मी खाल्लं. हसत हसत खाल्लं, बिया थुंकल्या, आणि वर "अजून कच्चंच आहे रे" असंही म्हणालो.

मग पऱ्हाट्यांचं छप्पर आलं. सबंधच्या सबंध, जरा कलंडलेलं. त्याच्या आडव्या काठीला एक दोरी बांधलेली होती आणि दोरीवर वाळत घातलेलं पोलकं तसंच होतं. माझ्या हातातली फोड गळून पडली.  

माणसं वाचली. देवाची कृपा म्हणतात ती एवढीच. नानांची बायको लाकडं वेचायला वर काठावर गेली होती, तिने पाणी लांबून बघितलं आणि हाका मारल्या. नेसत्या कपड्यांनिशी सगळी काठावर चढली. दोन शेळ्या गेल्या, भांडी गेली, वाडी वेलासकट गेली. दुपारी ती सगळी खालच्या आळीत भावाच्या पडवीत येऊन बसली. मी गेलो नाही. जाऊन बोलणार काय?

आठ-दहा दिवसांनी तालुक्याहून विचारणा आली. चौथ्या मुद्द्याप्रमाणे घेतलेल्या सह्या-अंगठे पाठवा. सरपंचांनी मला बोलावून घेतलं, ह्या खेपेला ओट्यावर नाही, आतल्या खोलीत. गावासमोरच्या चार वाडीवाल्यांचे अंगठे त्यांनी घेतले होते. उरला होता एकच.

"गुरुजी, चौकशी लागली तर आबांची कोतवाली जाईल," ते म्हणाले. "आणि ते वाक्य कुणाच्या हातचं, तेही निघेल. तुमची बदली कुठल्या डोंगरात होईल सांगता येत नाही. तुमचं अक्षर चांगलं आहे. एक जबाब लिहा, पाणी आलं त्या दिवसाची तारीख टाका."

माझी पाचावर धारण बसली. बायकोला सातवा महिना होता. अशी कारणं माणसाला वेळेवर बरोबर सापडतात. मी कागद ओढला आणि लिहायला बसलो.

आणि जे लिहिलं ते ऐका. आयुष्यभर पोरांना मुद्दा शोधायला शिकवला, त्या दिवशी मी तो लपवला. आधी नाव-गाव, आळी, धंदा. मग नदीचं वर्णन, वाडीची लांबी-रुंदी, वेल किती, शेळ्या किती, छप्पर कशाचं. मधोमध एका लांबलचक वाक्याच्या पोटात: "सदर पाणी येणेबाबत आम्हांस दोन दिवस अगोदर समक्ष कळविणेत आलेले असताही आम्ही सामान हलविले नाही." मग पुन्हा तपशील, शेजारी कोण, साक्षीला कोण. शेवटी आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही. वाचणारा थकावा असा कागद. परीक्षेला हा उतारा दिला असता तर माझा निम्मा वर्ग नापास झाला असता.

शाईचा डबा खिशात घालून मी दुपारी खालच्या आळीत गेलो. नाना भिंतीला टेकून बसले होते. मला बघून उठले, गोणपाट झटकून अंथरलं. "बसा गुरुजी." पाणी आणायला लावलं. त्यांचं सगळं वाहून गेलं होतं आणि माझा पाहुणचार चालला होता.

मी म्हटलं, "नाना, वाडीचा कागद आहे. तालुक्याला पाठवायचाय. अंगठा लागेल."

"भरपाईना शे का?" त्यांनी विचारलं. डोळ्यांत एवढीशी आशा. मी काहीतरी पुटपुटलो, ते हो होतं की नाही ते मलाही कळलं नाही.

नानांनी आत हाक मारली. "पोरी, ये. गुरुजीनी कागद आनेल शे. वाची दाखाड."

ती आली. केस विस्कटलेले, अंगात कुणाचं तरी मोठं पोलकं. माझ्याकडे बघून नेहमीसारखी हसली आणि कागद घेऊन खाली बसली. मी म्हणालो, "अगं, मोठं आहे ते, कशाला..." पण तिने बोट ओळीवर ठेवलं होतं. ओठ हलत होते. शेळ्यांपाशी एकदा थांबली. मग बोट पुढे सरकलं, त्या लांब वाक्याशी आलं, मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. शेवटपर्यंत वाचून ती परत त्याच वाक्याशी आली आणि बोट तिथेच राहिलं.

तिने वर बघितलं. हसू नव्हतं आता.

"एका वाक्यात सांगू, गुरुजी?"

ती वडिलांकडे वळली आणि शाळेत उत्तर सांगावं तशी म्हणाली, "बा, ह्याच्यात लिहिलंय की आपल्याला आधी सांगितलं होतं, आपणच ऐकलं नाही."

दहापैकी दहा. त्या शाळेत इतकं नेमकं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं.

नाना माझ्याकडे वळले. मग हळूच विचारलं, "गुरुजी, तुमी सांगेल व्हतं का? माले याद नही." त्या माणसाला स्वतःच्याच आठवणीची शंका आली होती! माझ्यावर आली नाही. तेव्हाच मी तो कागद फाडायला हवा होता. फाडला असता तर काय, फार तर बदली झाली असती. पण मी नुसता शाईचा डबा उघडून त्यांच्यासमोर ठेवला.

"गुरुजीनी लिखेल शे," नाना तिला म्हणाले, "ते खरंच व्हई." आणि त्यांनी अंगठा उठवला. पोर उठून आत निघून गेली.

भरपाई मिळाली नाही. आधी सांगूनही ऐकलं नाही, मग भरपाई कसली? सरपंचांनी मला चहाला बोलावलं, मी गेलो नाही, एवढाच काय तो माझा पराक्रम. आबांनी त्यानंतर माझ्याकडून कधी वाक्य घेतलं नाही. पुढच्या वर्षी पाणी सुटायच्या आधी ते अधू पाय ओढत, काठी टेकत, वळणापलीकडे पार शेवटपर्यंत जाऊन आले. तिकडे तेव्हा एकही वाडी नव्हती. तरी जाऊन आले.

त्या वर्षीच्या वार्षिक परीक्षेला ती पोर मात्र आली होती. शेवटच्या बाकावर बसली. भाषेच्या पेपरात मीच काढलेला उतारा होता, मधमाश्यांवरचा, आणि खाली माझा नेहमीचा प्रश्न: ह्या उताऱ्यातील मुख्य कल्पना एका वाक्यात लिहा. तिने पेपर सगळा सोडवला होता. मधमाश्या किती प्रकारच्या, मध कसा होतो, पोळं कशाचं, सगळं बिनचूक. त्या एका प्रश्नाची जागा तेवढी कोरी होती. नुसता प्रश्नाचा आकडा घातला होता आणि पुढे काही नाही. मी त्या कोऱ्या जागेला पूर्ण गुण दिले आणि ती वर्गात पहिली आली.

एक मेला निकाल लावला. चौथी पास झालेल्या सगळ्यांचे शाळा सोडल्याचे दाखले आदल्या दिवशी मी एका बैठकीत लिहून काढले होते. दाखल्यात कारणाचा एक रकाना असतो, त्यात एकच ओळ मावते. सगळ्यांच्या दाखल्यावर मी एकच कारण लिहिलं होतं: पुढील शिक्षणासाठी. तिच्या दाखल्याशी आलो तेव्हा हात थांबला. कुटुंब चार दिवसांपूर्वीच भट्टीवर गेल्याचं आबांनी मला सांगितलं होतं. खरं कारण मला पाठ होतं आणि ते एका ओळीत सहज मावलं असतं.

मी तिच्याही दाखल्यावर 'पुढील शिक्षणासाठी' असंच लिहिलं, खाली सही केली. पुढे माझी बदली सोनगीरकडे झाली तोवर तो दाखला शाळेच्या कपाटातच होता. न्यायला कुणी आलं नाही.